ओंजळीबाहेरचे महाड

सावित्री नदीच्या काठचे महाड १९२७ साली कुलाबा जिल्ह्यातले एक तालुक्याचे गाव होते. बाजारपेठ, कचेरी आणि दिवाणी कोर्ट तिथे असल्याने आसपासच्या खेड्यांतली माणसे सतत ये-जा करत. त्यांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींचे लोकही असत. कोणी बाजाराला येई, तर कोणी गावकामगार म्हणून सरकारी टपाल किंवा साऱ्याची रक्कम पोचवायला. गावाच्या मधोमध चवदार तळे होते. पावसाच्या पाण्यावर आणि पोटातल्या झऱ्यांवर ते भरे. त्याच्या चारी बाजूंना बांध होता, भोवती नगरपालिकेचा रस्ता आणि रस्त्याला लागून स्पृश्यांची घरे. परगावच्या माणसाला तहान भागवायला हेच सार्वजनिक ठिकाण होते. मुसलमान तिथे पाणी भरत आणि गुरेही तिथेच पाणी पीत. अस्पृश्यांना मात्र त्या बांधावर पाय ठेवता येत नसे. त्यांच्यासाठीची विहीर त्यांच्या वस्तीत, बाजारापासून दूर होती.

कायद्याने हे तळे त्यांना आधीच खुले झालेले होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कोर्टे आणि दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असे तो सांगत होता. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात राहिला. पुढची तीन वर्षे कोणा अस्पृश्याला त्या पाण्याला हात लावण्याची सोय नव्हती.

हा लिहिलेला हक्क प्रत्यक्ष बजावण्याची कल्पना स्थानिक कार्यकर्त्यांची. रामचंद्र बाबाजी मोरे हे दासगाव-महाड परिसरातले तरुण त्यात पुढे होते. शिष्यवृत्तीची परीक्षा देऊन महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेशासाठी त्यांना झगडावे लागले होते. पुढे ते कम्युनिस्ट पक्षात गेले. त्यांच्या जोडीला अनंतराव चित्रे, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे आणि नगरपालिकेचे सुरबानाना टिपणीस ही स्पृश्य समाजातली माणसे उभी राहिली. या भागाला चळवळीची जुनी ओळही होती. महारांच्या सैन्यभरतीच्या बंदीविरुद्ध अर्ज लिहिणारे आणि १८८८ साली ‘विटाळविध्वंसन’ काढणारे गोपाळबाबा वलंगकर याच पट्ट्यातले. पलटणीतून पेन्शन घेऊन परतलेली, लिहिता-वाचता येणारी माणसे इथल्या खेड्यांत होती. महाड घडले ते या तयारीवर.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. जमलेले लोक तीन हजारांच्या आसपास होते. त्यांच्या पिण्यासाठी स्पृश्यांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. दुसऱ्या दिवशी परिषद संपताना सगळे रांगेने तळ्यावर गेले. बाबासाहेब पाणी प्याले, मागोमाग इतर प्याले. मंडळी परतली आणि काही वेळातच गावात आवई उठली की आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्या घेतलेला जमाव मंडपावर आणि परतीच्या वाटेवरच्या माणसांवर तुटून पडला. अनेक जण जबर जखमी झाले. काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. नंतर शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरी तळ्यात रिकाम्या करून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला १९२४चा ठरावही मागे घेतला.

डिसेंबरात दुसरी परिषद भरली. मुंबईची मंडळी ‘पद्मावती’ बोटीने दासगाव बंदरावर उतरली आणि तिथून चालत महाडला आली. मंडपासाठी गावात जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. २५ डिसेंबरच्या रात्री, सहस्रबुद्ध्यांनी मांडलेल्या आणि पां. ना. राजभोज यांनी अनुमोदन दिलेल्या ठरावाप्रमाणे, मनुस्मृतीची प्रत जाळण्यात आली. तळ्यावरचा सत्याग्रह मात्र झाला नाही. विरोधकांनी दिवाणी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला होता. सत्याग्रहासाठी हजारोंनी नावे नोंदवली होती. बाबासाहेबांनी त्यांना थांबवले आणि मिरवणूक तळ्याला फेरी घालून परत आली.

एवढा हा घटनाक्रम. त्याची त्या वेळची नोंद मुख्यत्वे कागदावर आहे: ३ एप्रिल १९२७ पासून निघू लागलेले ‘बहिष्कृत भारत’, सरकारी अहवाल, कोर्टाची दप्तरे आणि नंतर लिहिलेल्या आठवणी. घराघरांत दिसणारे तळ्यावरचे चित्र चित्रकारांनी मागाहून, वर्णनावरून आणि मनाने काढलेले आहे. त्यामुळे महाडच्या स्मृतीचा इतिहास पाहताना दोन गोष्टी एकदम पाहाव्या लागतात. गाणाऱ्यांनी, चित्रकारांनी आणि चित्रपट करणाऱ्यांनी हा लढा जिवंत ठेवला, हे निर्विवाद. प्रत्येक माध्यमाने त्यातला आपल्याला पेलणारा तुकडा उचलला, आणि उरलेला पुष्कळसा भाग त्या तुकड्याच्या सावलीत गेला, हेही तितकेच खरे.

सर्वांत आधी आले गाणे. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने तमाशाचा बाज घेऊन जलसे उभे केले होते. १९३०च्या सुमारास त्याच वाटेने आंबेडकरी जलसे निघाले. नाशिक जिल्ह्यातले भीमराव कर्डक हे त्यांतले मोठे नाव. त्यांचे ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक १९७८ साली आले नसते, तर या कलेची आतली माहिती बरीचशी हरवली असती. जलसा करणारे व्यावसायिक कलावंत नव्हते. गिरणीत, रेल्वेत किंवा शेतावर राबणारी ही माणसे रात्री गाडीबैलाने, पायी, कधी मिळेल त्या वाहनाने पुढच्या गावाला जात.

जलशाची रचना पाहिली की एखादी बातमी रात्रभराच्या खेळात कशी उतरे, ते कळते. खेळाला लागणारे सामान ढोलकी, तुणतुणे, डफ, झांज आणि शक्य झाल्यास पेटी, एवढेच. मंडप नसे. वस्तीतले मोकळे पटांगण, एखादी गॅसबत्ती आणि समोर जमिनीवर बसलेले लोक. तमाशात गण, गवळण आणि वग असा क्रम असतो. जलशाने हा क्रम लोकांच्या कानाला सवयीचा म्हणून ठेवला आणि आतला ऐवज बदलला. गणात देवाऐवजी माणसाला किंवा चळवळीच्या नेत्याला वंदन असे. गवळणीतली कृष्ण-गौळणींची छेडछाड काढून टाकली गेली. तिच्या जागी एक शिकलेला पोरगा आणि जुन्या वळणाचा म्हातारा यांची जुगलबंदी आली. मेलेल्या ढोराचे मांस का सोडायचे, वतनाची गुलामी कशी टाकायची, पोरांना शाळेत का घालायचे, हे म्हातारा विचारी आणि पोरगा हसत-हसवत पटवून देई. तळे आणि मंदिरप्रवेश या प्रसंगांची कथा पोवाड्यात रंगे. ज्याने वर्तमानपत्र कधी हातात धरले नव्हते आणि ज्याला ते वाचताही येत नव्हते, त्या माणसाने महाडची हकिकत पहिल्यांदा ऐकली ती बहुधा अशी, डफाच्या ठेक्यावर.

या गाण्यांनी महाड कोकणाबाहेर नेले. नाशिक, खानदेश, मराठवाडा, वऱ्हाड, मुंबईच्या चाळी, जिथे जिथे वस्ती तिथे तिथे हे तळे पोचले. पुढच्या पिढीत वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारख्या लोककवीने गावोगाव फिरून हजारो गीते रचली आणि गायली. नाशिक जिल्ह्यातल्या देशवंडीचा हा माणूस लिहायला-वाचायला मोठेपणी शिकला. विठ्ठल उमप आणि प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजाने भीमगीत ध्वनिमुद्रिकांत आणि कॅसेटमध्ये गेले. अलीकडे एकतारीवर गाणाऱ्या कडूबाई खरात मोबाइलच्या चित्रफितींमधून घराघरांत ओळखीच्या झाल्या. भीमजयंतीला वस्तीत जो कर्णा लागतो, त्याच्यामागे शंभरेक वर्षांची ही परंपरा आहे. अभ्यासकांनी तिला इतिहासाचे साधन मानायला फार उशीर केला. पुराव्याला कागदच लागतो या सवयीचे हे फळ, आणि त्यात नुकसान झाले ते इतिहासाचेच.

गाण्याची मर्यादाही ध्यानात घ्यायला हवी. गाण्याला नायक लागतो. पोवाड्यात एक वीर असतो, त्याचा एक शत्रू असतो आणि कथेला एक शिखर असते. महाडच्या गाण्यांत ते शिखर ठरून गेले: बाबासाहेबांची पाण्याने भरलेली ओंजळ. मोऱ्यांचे संघटन, टिपणिसांचा पाठिंबा, फत्तेखानाची जमीन, थांबवलेला सत्याग्रह हे सारे गाण्याच्या चालीत बसवायला अवघड होते. जेधे-जवळकरांसारख्या ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनी पाठिंब्यासाठी ब्राह्मण सहकाऱ्यांना दूर ठेवण्याची अट घातली आणि बाबासाहेबांनी ती नाकारली. हा प्रसंग तर विचाराच्या दृष्टीने ओंजळीइतकाच मोलाचा आहे. तो गद्यात राहिला.

गाण्यात न बसलेली आणखी एक गोष्ट म्हणजे बायका. १९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. आंबेडकरी चळवळीत काम केलेल्या बायकांचा शोध घेत, त्यांच्या घरी जात, त्यांच्याच तोंडून दोघींनी हा इतिहास जमवला. त्यांतल्या कित्येक जणी तेव्हा म्हाताऱ्या झाल्या होत्या. घरच्या माणसांनाही त्यांच्या कामाची पुरती कल्पना नव्हती. हे काम आणखी दहा वर्षे रेंगाळले असते, तर यांतल्या बऱ्याच आठवणी माणसांबरोबर गेल्या असत्या. १९२०च्या दशकापासूनच्या स्त्रियांच्या सहभागाचा इतका भक्कम पट मराठीत त्याआधी नव्हता. वंदना सोनाळकर यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि ते २००८ साली निघाले.

महाडच्या दुसऱ्या परिषदेच्या शेवटी बाबासाहेब बायकांशी स्वतंत्रपणे बोलले. बायका तेव्हा लुगडे गुडघ्यापर्यंत आखूड नेसत, हातापायांत चांदी-कथलाचे जड दागिने घालत. नुसत्या वेशावरून जात ओळखू यावी, असा हा रिवाज होता. हे सोडा, लुगडे घोट्यापर्यंत नेसा, अंगावरच्या खुणा टाका, असे त्यांनी सांगितले. लगोलग बायकांनी नेसण बदलली. ती बदलायला शिकवणाऱ्यांत लक्ष्मीबाई टिपणीस आणि इंदिराबाई चित्रे होत्या. तळ्यावर पुरुषांनी पाण्याला हात लावला. इथे बायकांनी अंगावरची जात उतरवली आणि तीही स्पृश्य घरच्या दोन बायकांच्या हातून चुण्या शिकत. महाडच्या चित्रांमध्ये हा प्रसंग अगदी कमी दिसतो. एखाद्या चित्रकाराने तो काढायला घ्यावा, इतका तो दृश्यमय आहे: पुढ्यात उलगडलेले नऊवार लुगडे, कमरेशी खोचल्या जाणाऱ्या निऱ्या, बाजूला काढून ठेवलेले जाडजूड वाळे.

चित्रांचा विचार करायचा तर सुरुवात घरातल्या भिंतीपासून करावी लागते. जयंतीला, धम्मचक्र प्रवर्तनदिनाला आणि महापरिनिर्वाणदिनाला पुस्तकांच्या व फोटोंच्या दुकानांत ही चित्रे स्वस्तात मिळतात. तळ्याचे पाणी निळे, मागे लोकांची रांग, पुढे वाकलेले बाबासाहेब आणि त्यांची ओंजळ. हे चित्र काढणाऱ्यांची नावे बहुतेकदा त्यावर नसतात. कलेच्या इतिहासकारांनी या चित्रकलेकडे पाहिलेही नाही. पण दुष्काळी तालुक्यातल्या झोपडीत, मुंबईच्या चाळीतल्या दहा-बाय-दहाच्या खोलीत, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोशेजारी टांगलेल्या या छापील कागदाने जे काम केले, ते संग्रहालयांना जमलेले नाही. पाण्यावरचा हक्क ही गोष्ट त्याने रोज, न बोलता, लहान मुलांच्या डोळ्यांसमोर ठेवली.

कलादालनात येणाऱ्या चित्रकारांनी मात्र ओंजळीपेक्षा तिच्या आधीची शिक्षा जास्त रंगवली. नागपूरचे सवी सावरकर यांच्या चित्रांत आणि छापचित्रांत गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधलेला अस्पृश्य पुन्हा पुन्हा येतो. थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून मडके आणि पावलांचे ठसे पुसले जावेत म्हणून झाडू, या पेशवाईतल्या जाचाशी जोडल्या गेलेल्या खुणा ते जाड, खरखरीत रेषेत उभ्या करतात. प्रेक्षकाला सुखावणारे त्यांत काही नाही, आणि तेच त्यांचे बळ आहे. मुंबईचे विक्रांत भिसे यांच्या चित्रांत चळवळीतली गर्दी येते: दलित पँथर, मराठवाड्यातले नामांतर आंदोलन, चैत्यभूमीकडे निघालेल्या रांगा. नायकाच्या मागची माणसे इथे चित्राचा विषय होतात. आंबेडकरी चित्रकलेतला हा मोठा बदल म्हणायला हवा.

महाडच्या बाबतीत सर्वांत वेगळी चित्रकृती मात्र महाराष्ट्राबाहेरून, मध्य प्रदेशातल्या परधान गोंड परंपरेतून आली. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी रेखाटलेले ‘भीमायन’ हे चित्रचरित्र २०११ साली प्रसिद्ध झाले. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. पुस्तकाच्या पहिल्याच भागाचे नाव ‘पाणी’ आहे आणि शाळेत तहानलेल्या भीमापासून महाडच्या तळ्यापर्यंत तो येतो. कॉमिक्समध्ये पान चौकटींत कापलेले असते. व्यामांनी चौकटी साफ नाकारल्या. कथा चौकटीत कोंडायला त्यांची तयारी नव्हती. पानांवर गोंडांच्या दिग्ना नक्षीचे पट्टे वळणे घेत जातात आणि त्यांच्या मधल्या जागेत प्रसंग घडतात. बोलण्याच्या फुग्यांतही त्यांनी स्वतःची लिपी शोधली. मायेने, माणुसकीने बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात येतात. ज्याच्या बोलण्यात विष आहे, त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. मनातल्या विचाराला डोळा दिलेला असतो. तहानेने व्याकूळ झालेल्या पोराच्या पोटात मासा दिसतो. आणि महाडच्या सभेत बाबासाहेब बोलू लागले की कर्ण्यांतून पाण्याचे तुषार उडतात, ते समोर बसलेल्यांवर पडतात.

हा शेवटचा संकेत फार दूरवर जातो. महाडला लोकांनी पाणी घेतले त्याआधी त्यांनी शब्द घेतले होते: ठराव, भाषण, परिषद, वर्तमानपत्र. व्यामांनी हे एका चित्रात सांगितले, तेही आपल्या गावच्या भिंती-अंगणांवरच्या नक्षीतून. महाड हा महाराष्ट्राचा एकट्याचा ठेवा नाही, हे यातून दिसते. ज्यांना पाण्यापासून तोडले गेले आहे, अशा कोणालाही तो आपल्या रेषेत काढता येतो.

चित्रपट सर्वांत उशिरा आला. महाडनंतरच्या कितीतरी दशकांत मराठी चित्रपटाने ऐतिहासिक, पौराणिक, ग्रामीण आणि तमाशापट भरभरून काढले, पण आंबेडकरी चळवळ पडद्यावर यायला १९९०चे दशक उजाडावे लागले. विजय पवार यांचा ‘भीमगर्जना’ १९९० साली आला. मोठ्या आवाक्याचा चित्रपट त्यानंतर दहा वर्षांनी, २००० साली, प्रदर्शित झाला: जब्बार पटेल दिग्दर्शित ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ, केंद्र सरकार आणि महाराष्ट्र सरकार यांच्या मदतीने इंग्रजीत केलेल्या या चित्रपटाच्या लेखनात अरुण साधू, दया पवार आणि सूनी तारापोरवाला होते. मामुट्टी बाबासाहेब झाले, सोनाली कुलकर्णी रमाबाई. सर्वोत्कृष्ट अभिनेता, इंग्रजीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि कलादिग्दर्शन असे राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाले. कलादिग्दर्शन नितीन देसाई यांचे होते. मल्याळी नटाने उभे केलेले बाबासाहेब महाराष्ट्राने मनापासून स्वीकारले. महाडचा प्रसंग या चित्रपटात आहे. तळ्याचा काठ, रांगेत उतरणारी माणसे आणि नंतरच्या लाठ्या मोठ्या पडद्यावर दिसल्या, तेव्हा दोन पिढ्यांनी ऐकलेल्या गाण्याला पहिल्यांदा देह मिळाला.

पण चरित्रपटाचा स्वभाव पोवाड्यासारखाच असतो. एका आयुष्याचा कालपट तीन तासांत बसवायचा म्हटल्यावर महाडच्या वाट्याला थोडी मिनिटे येतात आणि त्या मिनिटांत ओंजळच यावी हे ओघाने आले. २०१९ साली ‘स्टार प्रवाह’ वर सुरू झालेल्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा’ या मालिकेला यापेक्षा मोकळी जागा मिळाली. सागर देशमुख यांनी त्यात बाबासाहेबांची भूमिका केली. मालिका स्वयंपाकघरातून दिसणाऱ्या टीव्हीवर लागत असे. ज्या घरांत बाबासाहेबांचे नाव पाठ्यपुस्तकापुरते होते, तिथेही ही गोष्ट त्या वाटेने शिरली. चळवळीच्या स्मृतीच्या दृष्टीने हे मोल मोठे आहे.

माहितीपटाने दुसरी वाट धरली. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) सुमारे १४ वर्षांच्या चित्रणातून तयार झाला. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात झालेल्या पोलीस गोळीबारात दहा माणसे गेली. त्यानंतर काही दिवसांतच लोकशाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचे जीवन संपवले. घोगरे यांनी पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’ (१९८५) मध्ये गायले होते. त्यांच्या मृत्यूपासून कॅमेरा निघाला आणि वस्त्यांमधल्या गायकांच्या, शाहिरांच्या, कलापथकांच्या मागे फिरत राहिला. त्यामुळे जलशाच्या परंपरेला जे कागदावर कधीच मिळाले नसते, ते या चित्रपटात मिळाले: गाणाऱ्याचा चेहरा, गाताना मागे उभी असलेली बायको-पोरे, दाराबाहेरची गल्ली. गाणे कागदावर उतरवता येते, पण गाणाऱ्याच्या कपाळावरची शीर उतरवायला कॅमेराच लागतो.

अलीकडची पिढी स्वतःच कॅमेरा हातात धरून उभी आहे. सोमनाथ वाघमारे यांनी ‘द बॅटल ऑफ भीमा कोरेगाव’ (२०१७) आणि त्यानंतर ‘चैत्यभूमी’ हे माहितीपट केले. या दोन्हींचा विषय घटनेइतकाच तिची आठवण हाही आहे: लोक दर वर्षी त्या ठिकाणी का येतात, काय खरेदी करतात, काय गातात. ज्योती निशा यांचा ‘डॉ. बी. आर. आंबेडकर : नाऊ अँड देन’ लोकवर्गणीतून उभा राहिला. बाहेरून आलेल्याने चळवळ टिपणे आणि चळवळीतल्या घरातल्याने ती टिपणे यांत फरक पडतो. घरातल्या माणसाला स्टॉलवरच्या पुस्तकांची नावे ठाऊक असतात, म्हणून कॅमेरा तिथे रेंगाळतो. कथापटांत नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) च्या अखेरीस हेच नाते दुसऱ्या तऱ्हेने दिसते. पकडलेले डुक्कर बांबूला टांगून कुटुंब चालले आहे आणि मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा, शाहू महाराज यांची चित्रे आहेत. संवाद नाही. चळवळीची चित्रे भिंतीवर आली, पण त्या भिंतीपुढून जाणाऱ्या पोराच्या खांद्यावर अजून काय आहे, हे मंजुळ्यांनी तो बांबू आणि ती भिंत एका चौकटीत आणून दाखवले. महाराष्ट्रातल्या चित्रपटाने चळवळीच्या स्मृतीबद्दल विचारलेला इतका थेट प्रश्न दुसरा सापडत नाही.

महाडात ही सारी माध्यमे एकत्र येतात. तळ्यापाशी बाबासाहेबांचा पुतळा आहे, गावात क्रांतिस्तंभ आहे, राष्ट्रीय स्मारकाची इमारत आहे. २० मार्चला आणि २५ डिसेंबरला दूरदूरच्या जिल्ह्यांतून लोक येतात. निळे झेंडे, पुस्तकांची दुकाने, कलापथकांचे आवाज, पायऱ्यांवर उतरून ओंजळभर पाणी घेणाऱ्या म्हाताऱ्या. पर्यटनाच्या ठिकाणी माणूस पाहायला येतो, इथे तो करायला येतो. तळ्याशी वाकून पाणी हातात घेण्याची ती कृती दर वर्षी पुन्हा केली जाते आणि त्या अर्थाने महाडची सर्वांत जुनी कलाकृती हीच, लोकांनी स्वतःच्या देहाने चालवलेली.

२० मार्च २०२७ रोजी त्या कृतीला शंभर वर्षे होतात. मधल्या काळात अभ्यासाची साधने बरीच हाताशी आली आहेत. रा. बा. मोऱ्यांच्या आठवणी त्यांचे चिरंजीव सत्येंद्र मोरे यांच्या प्रयत्नाने मराठीत पुस्तकरूपाने आल्या आणि नंतर इंग्रजीतही गेल्या. आनंद तेलतुंबडे यांचा महाडवरचा विस्तृत इंग्रजी ग्रंथ २०१६ साली निघाला. त्यात परिषदांची तयारी, माणसे आणि त्यानंतरचे हिशेब तपशिलाने मांडलेले आहेत. आता चित्रपटाला ओंजळीपलीकडे जायला साहित्य नाही, असे म्हणता येणार नाही.

त्यातले एक प्रकरण तर आजवर पडद्यावर नीट आलेलेच नाही, आणि ते म्हणजे खटला. लाठ्या, होळी आणि घोषणा यांच्यासमोर कोर्टाची तारीख फिकी दिसते, म्हणून कलावंत तिच्याकडे वळले नसावेत. पण महाडचा हक्क अखेर ठरला तो तिथेच. विरोधकांनी डिसेंबर १९२७ मध्ये दावा लावला. चवदार तळे खासगी आहे आणि ते केवळ स्पृश्यांनी वापरण्याची अनादी काळापासूनची वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे. तळ्याभोवतीच्या घरांची कागदपत्रे, नगरपालिकेचे खर्चाचे हिशेब, कोणी कधी पाणी भरले याच्या साक्षी असा सारा गाव त्या दप्तरात उतरला. तळ्यातून मुसलमानही पाणी नेत होते, हेही त्यात आले. ८ जून १९३१ रोजी महाडच्या कोर्टाने प्रतिवादींच्या, म्हणजे बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. वादींनी ठाण्याच्या जिल्हा कोर्टात अपील केले. १९३३ साली तेही फेटाळले गेले. मग ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. तिथे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांच्यापुढे प्रकरण आले. १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना राजद्रोहाची शिक्षा सुनावणारे ते हेच ब्रूमफील्ड. वहिवाट अनादी असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, असा निर्णय देऊन न्यायालयाने अपील फेटाळले. तारीख होती १७ मार्च १९३७. पहिल्या ओंजळीला दहा वर्षे व्हायला तीन दिवस बाकी होते.